आपली प्रार्थना ज्यांनी लिहिली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा सहली, स्नेहसंमेलन, डबे आणि छड्या हे विषय पहिल्या दोन दिवसांतच संपले होते. मी सॉफ्टवेअरमधली. वीस-बावीस वर्षे कोड लिहिते आहे आणि मराठी लिहिते ती फक्त मोबाइलवर. तरी मला एका माणसाबद्दल लिहायचे आहे. त्यांचे एक कडवे आपण सगळ्यांनी पाचवी ते दहावी रोज सकाळी मैदानात उभे राहून म्हटले. सहा वर्षे, वर्षाला दोनशे वीस दिवस धरले तरी तेराशे वेळा झाले.

आठवते ना? राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि मग ती प्रार्थना. चांगली संगत लाभावी, चांगल्या माणसांचे बोलणे कानावर यावे, बुद्धीवरचा डाग जावा, असे मागणारी. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी 'डो' यायचा. मुलांच्या रांगेतून तो मुद्दाम जोरात यायचा आणि पीटीचे सर शिट्टी तोंडात धरून तिकडे बघायचे. ते कडवे मोरोपंतांच्या 'केकावली'तले आहे. दहावीला मोरोपंत आपल्याला दोन मार्कांपुरते होते: पंडित कवी, आर्या वृत्त, बारामती. आठवीच्या सहलीत बारामतीला नाईकांचा वाडा दाखवला, तेव्हा मराठीच्या बाई काहीतरी सांगत होत्या आणि आपले सगळे लक्ष उसाच्या रसाच्या गाड्याकडे होते.

मोरोपंतांचे पूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. घराणे मूळचे कोकणातल्या राजापूरकडच्या सौंदळचे. जन्म १७२९ साली पन्हाळगडावर. तिथेच केशव आणि गणेश पाध्ये या दोघा बंधूंकडे त्यांचे संस्कृतचे शिक्षण झाले. काव्य, व्याकरण, अलंकारशास्त्र, असे त्या काळी जे शिकायचे ते सगळे. पंचविशीच्या सुमारास पन्हाळा सोडून ते बारामतीला आले आणि मग शेवटपर्यंत बारामतीचेच राहिले. म्हणजे नोकरीसाठी गाव सोडून कऱ्हेकाठी स्थायिक झालेला माणूस. आपल्यापैकी निम्मे जण असेच पुण्यात, मुंबईत किंवा त्याहून लांब जाऊन राहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बारामती तेव्हा बाबूजी नाईक जोशी यांची. नाईक मोठे सावकार. त्यांच्या भावाला, आबाजी नाईकांना, बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई दिलेली होती, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण याच घरची सून. तरी सोयरिकीत गोडी नव्हती. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले होते. ते पद मिळाले नाही, पण घर मातब्बर राहिले आणि त्या घरात मोरोपंतांना पुराणिकाचे काम मिळाले.

पुराणिकाचे काम म्हणजे काय, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. संस्कृत पोथी समोर ठेवायची, श्लोक वाचायचा आणि मग जमलेल्या मंडळींना त्याचा अर्थ मराठीत उलगडून सांगायचा. समोर वाड्यातली माणसे, कारकून, घरातल्या बायका, गावातले ऐकायला आलेले लोक. गोष्ट रंगली पाहिजे आणि अर्थही चुकता कामा नये. भागवत, महाभारत, रामायण हे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे. दुसऱ्याने लिहिलेले समजून घेऊन तिसऱ्याला समजेल असे मांडायचे, हे माझ्याही नोकरीचे वर्णन आहे, म्हणून मला या माणसाबद्दल आपलेपणा वाटतो. शिवाय ते संन्यासी नव्हते, मठ नव्हता, चमत्काराच्या कथांनी भरलेले चरित्र नाही. घर, संसार, नोकरी, धनी. १७६१ चे पानिपत झाले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. नारायणरावांचा खून, बारभाईंचे कारस्थान, हे सगळे त्यांच्या हयातीत पुण्यात घडले. बारामतीत त्यांचे रोजचे काम मात्र चालू राहिले.

आणि त्या कामाबाहेरच्या वेळात त्यांनी जे लिहिले त्याचा आकडा ऐकून मी पहिल्यांदा थक्क झाले, मग थोडी हसले. पाऊण लाखाच्या आसपास कविता! एकट्या आर्याभारताच्या आर्या सतरा हजारांच्या घरात. कृष्णविजय, हरिवंश, मंत्रभागवत वेगळे. आणि १०८ रामायणे लिहिण्याचा संकल्प. रामाची कथा तीच, पण प्रत्येक वेळी नवी अट. एका रामायणात त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे गुंफायची. दुसरे निरोष्ठ, म्हणजे ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे एकदाही येऊ द्यायची नाहीत. जरा थांबून विचार करा. 'राम' या शब्दात 'म' आहे. रामायण लिहायचे आणि रामाचे नाव घ्यायचे नाही! आमच्या क्षेत्रात काही मुले रात्री जागून अशाच अटी घालून कोड लिहितात, गरज काहीच नसताना. खरे सांगायचे तर ही सगळी रामायणे मी वाचलेली नाहीत आणि वाचेन असे वाटत नाही. मोरोपंतांवर पुढच्या काळात टीका झाली ती याचसाठी: संस्कृत शब्दांची गर्दी, यमकांचा हव्यास. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांची बाजू जोरात मांडली. मी दोन्ही बाजू मान्य करते.

आर्या म्हणून आपण शिकलो ती बहुतेक गीती. अक्षरे नाही, मात्रा मोजायच्या: १२ आणि १८, पुन्हा १२ आणि १८. ती म्हणायला सोपी आणि कानाला धरून ठेवणारी, म्हणून कीर्तनात चालली. सोलापूरचे शाहीर रामजोशी, लावणी-तमाशाचे मोठे नाव, बारामतीला मोरोपंतांना भेटले आणि कीर्तनाकडे वळले, असे सांगतात. रामजोशींनी पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव नेल्या. एक वाड्यातला पंडित, एक फडावरचा शाहीर. दोघांचे जमले ही मला त्या चरित्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मी केकावलीकडे वळले त्याला कारण साहित्याचे नव्हते. २०२१ च्या मे महिन्यात आमचे तात्या कोरोनाने आजारी पडले. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिले आहे. इंदापूरच्या बाजारच्या दिवशी सायकलला दुधाच्या किटल्या लावून शाळेवरून जायचे आणि मला बघून घंटी वाजवायचे. मी लाजून मान फिरवायचे. त्यांना दवाखान्यात आत नेले आणि आम्ही बाहेर. बाहेर म्हणजे पार्किंगमध्ये, गाडीत. आत फोन लागत नव्हता, दिवसातून एकदा कुणीतरी येऊन ऑक्सिजनचा आकडा सांगून जायचे. मी देवाधर्माची नाही, असे मी तोवर लोकांना सांगत असे. त्या रात्री काहीतरी म्हणावेसे वाटले आणि मला येत होते ते फक्त शाळेतले कडवे. तेच म्हटले. बऱ्याच वेळा म्हटले.

आणि मग लक्षात आले की या कडव्यात मला हवे ते मागितलेलेच नाही. क्रियापदे बघा. सगळी इच्छा व्यक्त करणारी, पण इच्छा कशाची? संगतीची, ऐकण्याची, मन स्वच्छ होण्याची, विषयांचा कंटाळा येण्याची. आयुष्य मागितलेले नाही, आरोग्य नाही, माझ्या माणसाला वाचव असे तर कुठेच नाही. तेराशे वेळा म्हणताना हे मला कधी दिसले नव्हते. मला राग आला. पहाटे तीन वाजता, मोबाइलवर, मी उरलेली केकावली शोधली. माझी खात्री होती की ज्या माणसाने एवढे लिहिले त्याने कुठेतरी सरळ हात पसरून मागितले असेल.

केका म्हणजे मोराचा आवाज. मोरेश्वर, मोरोपंत, म्हणून स्वतःची कवितेतली सही मयूर. मोर ढगाला बघून ओरडतो आणि इथला ढग म्हणजे मेघासारखा सावळा देव. केकावली म्हणजे त्या हाकांची माळ. एकूण १२१ श्लोक, उतारवयात लिहिलेले. आर्या इथे नाही. वृत्त पृथ्वी, चरणात १७ अक्षरे, आठव्या अक्षरावर थोडे थांबायचे. ते थांबणे दम लागल्यासारखे वाटते. मला तरी त्या रात्री तसेच वाटले.

आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांच्या गोष्टी सांगत होता. द्रौपदीची हाक, प्रल्हादाची हाक, हे सगळे पुराणात सांगून झालेले, आर्यांमध्ये बांधून झालेले. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणून झालेले. केकावलीत तो पोथी मिटतो आणि स्वतः बोलतो. समोर श्रोते नाहीत, देव आहे. सुरुवात स्तुतीने होते, पण दुसऱ्याच श्लोकात अहल्या येते: पायांच्या धुळीने तिला तारलेस ना, मग? तिथून पुढे तो देवाला त्याचीच जुनी कामे आठवून देतो. आयुष्यभर ज्या कथा पोटासाठी सांगितल्या, त्या आता स्वतःच्या अर्जाला पुरावे म्हणून जोडतो. मी पापी आहे हे कबूल करतो आणि त्याच कबुलीचा मुद्दा करतो: पापी नसतो तर तुझ्या दयेला काम काय उरले असते? विनवतो, युक्तिवाद करतो, पुन्हा लहान होतो. यात शांतपणे स्वीकारणे फारच थोडे आहे. विश्वास आहे, पण ज्याच्याशी भांडता येते अशा माणसावर असतो तसा.

इथे मला माझी वसतिगृहातली मैत्रीण आठवली. इंजिनिअरिंगची चार वर्षे आम्ही एका खोलीत राहिलो. ती नगरकडची, ख्रिस्ती. रोज झोपण्याआधी मराठी बायबलमधले एक स्तोत्र वाचायची. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, म्हणजे पाच महिन्यांत एक फेरी, मग पुन्हा पहिल्यापासून. तिची वाचायची पद्धत होती. पेन्सिलने तीन खुणा करायच्या: बोलणारा काय सोसतो आहे, तो काय मागतो आहे, आणि देवाला जुने काय आठवून देतो आहे. मी तेव्हा तिची चेष्टा करायचे, ही तर रिक्वायरमेंट काढतेय म्हणून. तिनेच मला दाखवले होते की त्या स्तोत्रांत स्तुती आहे तशी तक्रारही भरपूर आहे. देवा, तू तोंड का लपवतोस, किती दिवस, असे विचारणारी स्तोत्रे आहेत. ८८ वे तर अंधारातच संपते, शेवटी समजूत नाही. आणि जुन्या उपकारांची आठवण, मिसरमधून सोडवलेस, समुद्र दुभंगलास, ही पुन्हा पुन्हा येते. मोरोपंतांनी यातले काही वाचले असण्याचा प्रश्नच नाही. बायबल मराठीत छापले गेले ते ते गेल्यानंतर. पण संकटातला माणूस देवाशी बोलताना पुराव्याची फाइल उघडतो, हे दोन्हीकडे सारखे. मी तिला त्या रात्री मेसेज केला. तिने लगेच फोन केला आणि काही न बोलता बराच वेळ लाइनवर राहिली.

तात्या तिसऱ्या दिवशी गेले.

नंतरचे वर्षभर मी केकावली रोज एक श्लोक अशी वाचली. मैत्रिणीच्याच पद्धतीने, पेन्सिलने तीन खुणा करून. सोपे नव्हते. संधी सोडवायची, अन्वय लावायचा, लांब समास कुठे तोडायचा ते कळत नाही. अडले की बाईंना फोन. बाई आता ऐंशीच्या जवळ, पण फोनवर अजूनही विभक्ती विचारतात आणि चुकले की गप्प बसतात, ती शांतता तुम्हाला माहीत आहे. त्यांनीच दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या टीकेचे नाव सांगितले. मराठी व्याकरण लिहिणारे तेच दादोबा. १८६५ मध्ये त्यांनी केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. परमहंस सभेसारख्या सुधारकी मंडळीत वावरलेल्या माणसाने एका पुराणिकाच्या स्तोत्रावर एवढी मेहनत घ्यावी, याचे मला आधी नवल वाटले. श्लोक वाचत गेले तसे ते कमी झाले.

वाचताना कळले की प्रार्थनेच्या कडव्याचा संदर्भ शाळेत आपल्याला कुणी सांगितला नाही, सांगितला असेल तर आपण ऐकला नाही. ते सकाळच्या ताज्या मुलांसाठी लिहिलेले सुवचन नव्हे. एवढा वाद घालून झाल्यावर, उतारवयात आलेल्या माणसाने शेवटी काय मागायचे ते ठरवलेले आहे. जगायला आणखी वर्षे मागून पाहिली असती तर कुणी दोष दिला नसता. त्याने मागितली ती संगत. त्याच्या लगतच्या कडव्यात तर आणखी बारीक मागणे आहे: ठरवलेले डळमळू नये, भजनात मन हलू नये, खोटा अभिमान गळावा आणि एकदा धुतलेले मन पुन्हा मळू नये. हे 'पुन्हा' मला फार खरे वाटते. ज्याचे मन धुवून पुन्हा मळले आहे, अनेकदा, तोच असे मागेल.

माझा राग गेला का? पूर्ण नाही. तात्यांसाठी मला हवे होते ते त्या श्लोकांत नव्हते आणि नाहीच. पण त्या पार्किंगमध्ये मी एकटी नव्हते, फोनवर मैत्रीण होती, सकाळी शाळेतला एक वर्गमित्र थर्मासमध्ये चहा घेऊन इंदापूरहून गाडी चालवत आला होता, आणि तो काही न विचारता दिवसभर थांबला. त्याचे नाव लिहिलेले त्याला आवडणार नाही. संगत मागणाऱ्या ओळी मी म्हणत होते तेव्हा ती संगत गाडीच्या काचेवर टकटक करत होती. हे मला खूप उशिरा सुचले.

मोरोपंतांचे शेवटचे सांगायचे राहिले. म्हातारपणाकडे झुकताना ते काशीयात्रा करून आले. गंगेवरही त्यांनी कविता लिहिल्या आहेत. परत आले ते बारामतीलाच. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला तिथेच त्यांचे निधन झाले, वय ६५. पुढे १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले, ते ज्यांना सवड आहे त्यांनी जरूर वाचावे. माझे हे दोन पानी लिखाण त्याच्यापुढे काहीच नाही.

मागच्या वर्षी तात्यांच्या वर्षश्राद्धानंतर मी बारामतीला जाऊन आले. नाईकांचा वाडा पुन्हा पाहिला, या वेळी रसाच्या गाड्याकडे न बघता. कऱ्हेला पाणी बेताचेच होते. तीच कऱ्हा वर मोरगावच्या मयूरेश्वरापाशी असते, मग बारामतीवरून खाली नीरेला मिळते. नीरा आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेने जाऊन नरसिंहपूरला भीमेत मिसळते. तात्यांच्या अस्थी आम्ही त्याच संगमावर सोडल्या होत्या. नकाशावर ही रेघ बोटाने काढून बघितली तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या आणि मोरोपंतांच्या गावात फार अंतर नाही असे वाटले.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मैदानात परिपाठ होणार आहे, असे संयोजकांनी कळवले आहे. जुन्याच क्रमाने, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. माझी एक विनंती आहे. या वेळी ती जरा सावकाश म्हणू या, आठव्या अक्षराशी थांबत. शेवटचा 'डो' जोरात म्हणायला हरकत नाही. पीटीचे सर येणार आहेत, शिट्टी घेऊन या म्हणून मी त्यांना सांगितले आहे. लगतचे कडवे बाईंनी त्यांच्या हातच्या अक्षरात मला लिहून दिले आहे. त्याच्या झेरॉक्स प्रती मी घेऊन येईन, नोंदणीच्या टेबलावर ठेवलेल्या असतील.